जवस पाजलेला कोट

इमल, तुझा कोट सध्या माझ्यासमोर खुर्चीवर बसला आहे. ठेवलेला नाही, बसला आहे. दोन्ही बाह्या खुर्चीच्या हातांवर, पोट जरा पुढे, कॉलर एका बाजूला कललेली. दुपारी जेवून पेपर वाचता वाचता तू पेंगायचीस ना, अगदी तशी. उद्या तुझी तेरवी. घरभर पाहुणे, अंगणात आचारी, आणि मी, तुझी सत्तरी ओलांडलेली वयनी, दार लोटून, मांडीवर वही घेऊन कोटाशी बोलत, लिहीत बसले आहे. सून दोनदा डोकावून गेली. तिला वाटतं म्हातारी रडते आहे. रडणं सकाळीच उरकलं. आता मला तुझ्याशी भांडायचं आहे. असं कडकडून भांडायचं आहे की तुला तिथूनही यावंसं वाटेल!

भांडण कशावरून ते सांगते, पण आधी एक कबुली द्यायची आहे. पंचेचाळीस वर्षं जिभेवर ठेवून होते. तू समोर असतीस तर अजूनही दिली नसती.

तुझ्या कोटाला जवस मी लावलं होतं.

हं. झालं. आता पहिल्यापासून ऐक. तुला सगळं माहीत असलं तरी ऐक, कारण माझ्या बाजूनं तू हे कधी ऐकलेलं नाहीस.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा हिवाळा असावा. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि मी स्वतःला मोठी हुशार समजत होते. मॅट्रिक झालेली, पत्रं लिहून देणारी, पुरणाचा कट पातळ झाला तर गुपचूप बेसन लावणारी. नवऱ्याची धाकटी बहीण म्हणजे तू, नर्सचं शिक्षण पुरं करून घरी आलेलीस. नेमणूक झाली ती सिंदी मेघेच्या आपल्या घरापासून सात-आठ कोसांवरच्या खेड्यात. एसटी सकाळी एकदा जायची, दुपारी एकदा यायची. बाळंतपणं काही एसटीचं वेळापत्रक पाहून येत नाहीत, असं तू म्हणालीस आणि गोठ्यात ताडपत्रीखाली झाकलेल्या तुझ्या वारलेल्या काकांच्या फटफटीकडे बोट दाखवलंस.

ती फटफटी तुला चालवता येते हे घरात एकटीला मला ठाऊक होतं. शेतात तू शिकत होतीस तेव्हा बांधावर पहारा मीच देत होते. कोणी आलं की मी गाणं म्हणायचं, असं ठरलं होतं. माझा आवाज ऐकून लोक तसेही मागे फिरायचे.

तुझे बाबा, माझे मामाजी, खादीतले तत्त्वाचे माणूस. ते चिडले नाहीत. चिडले असते तर तू भांडून जिंकली असतीस. ते शांतपणे म्हणाले, "लहानपणी तुले न्युमोनिया झालता. मरता मरता वाचली तू. हिवाळ्यात पहाटेच्या वाऱ्यात छाती उघडी टाकून मी तुले जाऊ देणार नाई. चामड्याचा कोट घालशील तं फटफटी. नाई तं नोकरी राहू दे, पुलगाववाल्याइले होकार कळवतो."

पुलगाववाले म्हणजे तुला पाहून गेलेले. मुलगा बरा होता, पण त्याच्या आईनं तुला चालून दाखवायला सांगितलं होतं आणि तू खोलीभर अशी चालून दाखवलीस की जणू पावसात बैल विकायला काढलाय. तरीही त्यांचा होकार आला! आता मामाजींच्या मनात काय होतं ते मला आज कळतं. वर्ध्यात चामड्याचा कोट मिळणार कुठून? नागपूरच्या दुकानातला मऊ कोट आणावा तर तो मारलेल्या जनावराचा. आपल्या घरात तर पायातली चप्पलसुद्धा आपोआप मेलेल्या ढोराच्या कातड्याचीच यायची. मामाजींनी तुला नाही म्हटलं नव्हतं, फक्त होकाराला वाट ठेवली नव्हती.

तू दुसऱ्याच दिवशी सायकल काढून नालवाडीला गेलीस, दशरथभाऊंकडे. मेलेल्या ढोराचं कातडं कमावायला ते तिथेच शिकले होते. चपला, पिशव्या, दप्तरं असं उत्तम काम करायचे. जन्मात कधी कोट शिवला नव्हता. नमुना म्हणून तू काय नेलंस? तुझ्या भावाचा, माझ्या नवऱ्याचा, लग्नातला कोट! तो उसवलेला परत आला, तुकड्या-तुकड्यांत, आणि त्याच्यासोबत हा.

म्हशीचं कातडं. दप्तराला लावतात तेवढं जाड. काळंभोर, बाभळीच्या सालीचा उग्र वास. अंगणात जमिनीवर ठेवला तर तो उभा राहिला! इमल, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आत माणूस नाही आणि कोट उभा. तुझी आई म्हणाली, "हे घरात नाई येणार, गोठ्यात ठेवा." आणि मी? मी मॅट्रिक झालेली, शहाणी, मी तो चिमट्यानं उचलायला गेले. रोज पायात चामडं घालणारी बाई अंगातल्या चामड्याला चिमटा लावत होती. आता आठवलं की त्या पोरीच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते.

मग आपण दोघींनी मिळून तुला त्यात भरलं. उशी अभ्र्यात भरतात तसं. बाह्या आडव्याच राहिल्या, खाली येईनात. ज्वारीच्या वावरातलं बुजगावणं तुझ्यापेक्षा लवचिक असेल. तशीच तू ओसरीवर गेलीस, बाबांच्या पाया पडायला. कमरेपर्यंत वाकलीस. पुढे कोट वाकेना. मागेही येईना. आणि तू अख्खीच्या अख्खी, फळी पडते तशी, पुढे कललीस आणि मामाजींच्या गुडघ्यांवर डोकं टेकून थांबलीस. मी दाराआड तोंडात पदर कोंबून बसले होते. तो पदर अजून ओला असेल.

मामाजींनी तुला दोन्ही खांद्यांना धरून सरळ उभं केलं, भिंतीला शिडी लावतात तसं. म्हणाले, "ज्या कोटात बापाच्या पाया पडता येत नाई, त्या कोटात बिरेक कसा दाबशील? पंधरा दिवस देतो. पंधराव्या दिवशी तुले रुजू व्हायचं हाय ना? त्या दिवशी सकाळी हाच कोट घालून माह्या पाया पडजो. डोकं पायाले लागलं तं जाजो. नाई तं पुलगाव."

तू म्हणालीस, "चालते, बाबा."

त्या 'चालते'त काय होतं! मी त्या वयापर्यंत कधी कोणाला असं 'चालते' म्हटलं नव्हतं. मला नेहमी विचारण्याआधीच चालायचं.

दशरथभाऊंनी तुला सांगितलं होतं, तेल लावा, सावलीत ठेवा, घाला, पुन्हा लावा. दुसऱ्या दिवशी तुला कागदपत्रांसाठी ऑफिसात जायचं होतं. जाता जाता तू म्हणालीस, "वयनी, कोटाले एरंडी लावून ठेवजो." एरंडीच्या तेलाची बाटली फडताळात होती, बोटभर. ती पोट साफ करायची. आणि जवसाच्या तेलाचा डबा? काठोकाठ! आपल्या घरात भाजीला जवस, चटणीला जवस, दाराला जवस, बैलाच्या जुवाला जवस. माझ्या माहेरी तर दिवाळीआधी बाबा सगळ्या दारांना जवसाचं तेल पाजायचे, आरशासारखी चमकायची दारं. माझ्या हुशार डोक्यात गणित झालं: लाकडासारखं कडक चामडं, लाकडाला जवस, म्हणून चामड्याला जवस. आणि एरंडी बोटभर, जवस डबाभर, म्हणजे नणंदेवर प्रेम डबाभर! तीन हात दिले मी त्याला. आणि वर माझी खास अक्कल, तेल लवकर मुरावं म्हणून छपराच्या टिनावर कडक उन्हात वाळत घातला. तीन दिवस रोज. तू ऑफिसात चकरा मारत होतीस, मी टिनावर.

जवसाचं तेल वाळतं गं. वाळून कडक होतं. म्हणून तर दारं चमकायची. हे मला दार लावताना कधी सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारची काकू ओरडत आली, "अवं सूनबाई, तुमच्या टिनावर माणूस उभा हाय!" तो कोट होता. चिक्कीसारखा चिकट, पाटासारखा कडक. एक बाही अंगाला चिकटलेली, दुसरी हवेत, सलाम ठोकल्यासारखी. त्यावर माशांचं संमेलन भरलं होतं.

तुझ्या आईनं निकाल देऊन टाकला, "त्या दशरथानं कच्चं कातडं गळ्यात मारलं." माझ्याकडे कोणीच पाहत नव्हतं. कोटाकडेच पाहत होते. मला फक्त तोंड उघडायचं होतं. चार शब्द. मामाजी चप्पल घालायला लागले, "मी जाब इचारून येतो त्याले." कटात बेसन लावणारी, गाणं म्हणून पहारा देणारी, ती सगळी धीट बाई त्या क्षणी पाटाखाली लपली.

तू म्हणालीस, "तुमी बसा, बाबा. मी जातो." कोट सायकलच्या कॅरिअरला बांधलास आणि गेलीस. मी देवापुढे उभी राहून नवस बोलले की हे निभावू दे. नवस काय बोलले ते विसरले, म्हणून फेडलाही नाही.

संध्याकाळी तू परत आलीस. चेहरा कोरा. "दशरथभाऊ म्हणते, ऊन जास्त झालं. कातडं चांगलं हाय. चूक आपली." बस, एवढंच! माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, सुटले. दशरथभाऊंना काही कळलं नाही, इमलला काही कळलं नाही. जगात माझ्याइतकी चलाख कोणी नाही.

मुदतीतले चार-पाच दिवस तर माझ्याच अकलेनं खाल्ले होते. उरलेले आपण दोघी गोठ्यात राहत होतो म्हटलं तरी चालेल. कोमट रिठ्याच्या पाण्यानं कोट घासला, पाच वेळा, सात वेळा, वरचा तो चिकट पापुद्रा निघेपर्यंत. मग अर्धा ओला असतानाच कोमट एरंडी. ती तू गावातून शिशी-शिशी गोळा करून आणलीस. अर्ध्या सिंदी मेघेला वाटलं असेल की आपल्या घरी सगळ्यांचं पोट बिघडलंय. आणि मग ते ओढणं! गव्हाणीची ती गोल दांडी, तिच्यावर कोट टाकायचा, एका बाजूनं तू ओढायची, दुसऱ्या बाजूनं मी. ताक घुसळतात तसं. गाय आपल्याकडे पाहत होती. तिच्या नात्यातलंच कोणीतरी होतं ते, तिला काय वाटलं असेल देव जाणे.

"वयनी, जोर लाव ना! जेवली नाई का?"

"तूच जेवून राह्यली तीन माणसांचं, तूच लाव."

"पुलगावले माझ्यासंगं तूच येजो मंग. सासूपुढं चालून दाखवाले."

किती हसलो! पोट दुखेपर्यंत. आणि मी हसताना आतून भाजत होते, कारण ते ओढणं माझ्या पापाचं होतं. म्हणून मग मी घालायची पाळी मागून घेतली. सकाळी तू कोट घालून पाणी भरायचीस, दुपारी मी घालून भाकऱ्या टाकायची. चुलीपुढे, चामड्याच्या कोटात! आंघोळ केल्यासारखा घाम. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि किंचाळल्या, "माय वं! चुलीपुढं म्हैस बसली का काय!"

कोट मऊ व्हायला लागला. आधी कोपरांत. मग काखेत. तिथून आपलं भांडण सुरू झालं ते कधी संपलंच नाही. तू म्हणायचीस एरंडीनं मऊ झाला. मी म्हणायची माझ्या घामानं. अगदी परवा-परवा, तू आजारी पडण्याच्या आदल्या रविवारीसुद्धा तू फोनवर म्हणालीस, "वयनी, घामानं कातडं मऊ झालं असतं तं गावच्या समद्या चपला लोण्यासारख्या झाल्या असत्या." मी उत्तर शोधत होते. सापडलं तेव्हा तू नव्हतीस. उत्तर असं आहे, इमल: चपलेत कोणाला पश्चात्तापाचा घाम येतो?

पंधरावा दिवस. पांढरी साडी, तिचा काष्टा मारलेला, आणि वर काळा कोट. बगळ्यानं कावळा पांघरला होता! मामाजी ओसरीवर उभे. आई दारात. माझा नवरा फटफटी पुसत होता, उगीच, एकच जागा परत परत. तू समोर गेलीस. वाकलीस. कमरेपर्यंत आलीस आणि कोट कर्रर्र वाजला. थांबलीस. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, हे जवस आहे, आत कुठेतरी उरलंय, हे माझं जवस या पोरीला पुलगावला नेणार. आत्ता ओरडून सांगावं, मी केलं, मी! तोंड उघडलं, शप्पथ, उघडलं होतं.

आणि पुन्हा कर्रर्र! डोळे उघडले तर तुझं कपाळ मामाजींच्या पायावर.

मामाजींनी एका बोटानं कोटाचा खांदा चोळला, बोट नाकाशी नेलं. "एरंडी?"

"व्हय, बाबा."

"बिरेक कोणता?"

"हाताचा आन् पायाचा. दोन्ही दाबाचे."

"मंग जाजो. हळू जाजो."

तिसऱ्या किकला फटफटी सुरू झाली आणि मी धावले! घरची सून, भर सकाळी, रस्त्यानं, तुझ्या मागे, वळणापर्यंत. डोक्यावरचा पदर पडला ते वळणावर कळलं. सासूबाईंनी त्याबद्दल आठ दिवस ऐकवलं. ऐकवू दे. तू हात उंच केलास, मागे न पाहता, आणि कोटाची बाही वाकली, कोपरात, जिथे मी भाकऱ्या थापल्या होत्या तिथे. मी रस्त्यात उभी राहून टाळ्या वाजवत होते, एकटी, वेड्यासारखी.

पुढची वर्षं काय सांगू, तुझीच आहेत. किती बाळं त्या कोटाच्या भरवशावर जन्मली. एकदा कडाक्याच्या थंडीत एका बाळंतिणीच्या अंगावर तो टाकून तू नुसत्या शालीवर परत आलीस, आणि मामाजींनी न्युमोनियाचं नावही काढलं नाही. फक्त चहात आलं जास्त घालायला सांगितलं.

आणि दिवाळी. कोटाच्या त्या हिवाळ्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीपासून, भाऊबीजेला भावाला ओवाळून झालं की तू मला एक बाटली द्यायला लागलीस. घाण्यावरचं ताजं जवसाचं तेल. "वयनी, खास तुह्यासाठी." दर वर्षी! घर वेगळं केलंस, एकटी राहायला लागलीस, रिटायर झालीस, बाटली चुकली नाही. मी जाऊबाईंना अभिमानानं सांगायची, माझी नणंद किती मायाळू. दशरथभाऊंकडून मी आयुष्यभर चपला करून घेतल्या, मनातल्या मनात प्रायश्चित्त म्हणून. ते दर वेळी विचारायचे, "बाई, तेल कोणतं लावता?" आणि मिशीत हसायचे. मला वाटायचं, किती आपुलकीनं चौकशी करतात.

आता ऐक भांडणाचं.

आज सकाळी मनू, माझी नात, तुझी लाडकी, हा कोट काढून बसली. तूच तिला देऊन ठेवला होतास म्हणे. मी म्हटलं, "त्याला एरंडीच लाव हो, चुकून जवस लावशील." ती पोट्टी अशी हसायला लागली की खाली बसली. म्हटलं, सुतकात काय हसते? तर डोळे पुसत म्हणाली, "आजी, इमलआजीनं शपथ घातलती. ती गेल्यावरच सांगायचं म्हणे. तिले पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

दशरथभाऊंनी कोट नाकाशी नेला आणि म्हणाले होते, "हे तं जवस हाय, ताई." आणि तू त्यांना म्हणालीस, "गप राह्यजो, भाऊ. वयनी नवीन हाय घरात, आई तिले फाडून खाईन."

मनू पुढे तुझी नक्कल करत होती, हुबेहूब: "दर दिवाळीले बाटली देतो तिले. म्हटलं आज कबूल करन, उद्या करन. म्हातारी काही बोलतच नाई वं! वरून म्हणते, किती छान तेल हाय!"

पंचेचाळीस बाटल्या, इमल! पंचेचाळीस वर्षं तू ओवाळणीचं तबक हातात धरून माझ्या तोंडाकडे पाहत होतीस आणि मी बाटली घ्यायचे न्‌ तेलाची तारीफ करायचे. मला वाटत होतं मी तुला फसवलं. अगं, माझ्यासारख्या खोडकर बाईच्या नाकाखाली तू एवढी मोठी खोडी आयुष्यभर चालवलीस! मला राग आला, मग हसू आलं, मग कळलं की तू वाट पाहत होतीस. एका वाक्याची. ते मी दिलं नाही. चुलीपुढे घाम गाळला, चपला शिवून घेतल्या, आणि ते चार शब्द तेवढे ठेवून घेतले.

म्हणून ते आज सगळ्यात आधी लिहिले. उशीर झाला, पण तुझ्या बाबांसारखी पंधरा दिवसांची मुदत धरलीस तर अजून तीन दिवस बाकी आहेत.

लिहिता लिहिता मनू आत आली. मी तिला म्हटलं, तो कोट मला घाल. तिनं हसत भरलं मला आत. आता तो कसा लोण्यासारखा झालाय! बाहीत हात गेला तर कोपराची घडी माझ्या कोपरावरच आली. तुझ्या फोटोसमोर गेले. धाकट्या नणंदेच्या पाया पडायला वाकले. कोट वाकला, सहज, कुरकूर न करता. कमरेपर्यंत आले आणि पुढे मी वाकेना. मागेही येईना. गुडघे, कंबर, सगळं म्हशीच्या कातड्याचं झालंय. मी तशीच अडकून उभी, फोटोतली तू समोर, तोंडावर तुझं ते कोरं हसू.

मनूनं मागून खांदे धरून मला सरळ केलं आणि मामाजींच्या आवाजात म्हणाली, "पंधरा दिवस देतो."

मी म्हटलं, "चालते. एरंडी कोमट कर, बाई. अन् बाटलीचा वास घेऊन पाहजो आधी."